रक्त वाढत नसेल, तर थायरॉईडकडेही बघा

परवा चाळिशीच्या एक बाई दवाखान्यात आल्या. पर्समधून त्यांनी गोळ्यांची डबी काढून टेबलावर ठेवली. थायरॉईडची बारीक पांढरी गोळी, लोहाची लाल आणि कॅल्शियमची जाडजूड, तिन्ही एकाच कप्प्यात. "सकाळच्या चहाबरोबर तिन्ही घेऊन टाकते डॉक्टर, म्हणजे विसरायला नको." सहा महिने असं चाललं होतं. हिमोग्लोबिन साडेनऊवरून हललं नव्हतं आणि टीएसएच वर चढलं होतं, म्हणजे थायरॉईड कमी पडत होतं.

चूक त्यांची नव्हती, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. लोह आणि कॅल्शियम पोटात थायरॉईडच्या औषधाला धरून ठेवतात, रक्तात उतरू देत नाहीत. चहा लोहाला अडवतो. गोळ्या रोज घेऊनही अंगी लागत नव्हत्या त्या अशा.

थायरॉईड म्हटलं की वजन वाढणं आणि केस गळणं एवढंच आपल्याला आठवतं. पण तांबड्या पेशी तयार होतात त्या हाडांच्या आतल्या मज्जेत, आणि त्या कामाला थायरॉईडचं संप्रेरक चालना देतं. ते कमी पडलं की शरीराची प्राणवायूची गरजच घटते. मग 'पेशी बनवा' असा मूत्रपिंडांकडून मज्जेला जाणारा निरोप, म्हणजे एरिथ्रोपोएटिन, तोही मंदावतो. तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते, त्यामुळे ही घट हळूहळू होते. दम लागतो, थकवा येतो, आणि आपण म्हणतो वय झालं.

त्यात थायरॉईड कमी असलेल्या अनेकींना पाळीत अंगावरून जास्त जातं, म्हणजे लोहही जातं. काहींच्या जठरात आम्ल कमी बनतं आणि जेवणातलं लोह नीट शोषलं जात नाही. थायरॉईडचा आजार स्वतःच्याच प्रतिकारशक्तीमुळे झाला असेल, तर बी-12 कमी असण्याची शक्यताही वाढते. म्हणून नुसत्या हिमोग्लोबिनवर थांबू नका. फेरिटिन (लोहाचा साठा), बी-12 आणि टीएसएच करायचं का, हे डॉक्टरांना विचारा.

याची उलटी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते. थायरॉईड ग्रंथी ज्या एन्झाइमच्या मदतीने संप्रेरक बनवते, त्यालाच लोह लागतं. लोह कमी तर थायरॉईड मंद, थायरॉईड मंद तर रक्त कमी. दोन्हींवर एकदम उपचार केल्याशिवाय हा फेरा सुटत नाही.

थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्या. चहा त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने. लोहाची गोळी निदान चार तासांनी, दुपारी लिंबूपाण्याबरोबर चालेल. कॅल्शियम रात्री जेवल्यावर. टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा तपासा. हिमोग्लोबिन जागेवर आलं म्हणून लोह लगेच बंद करू नका, साठा भरायला आणखी तीनेक महिने लागतात.

आणि थायरॉईडची गोळी चालू असताना दिवस राहिले, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न बघता त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवा. बहुतेकींचा डोस वाढवावा लागतो. गरोदरपणात आशा सेविकेने दिलेली लोहाची लाल गोळीही घ्यायचीच, फक्त सकाळच्या गोळीबरोबर नाही.