परक्या भूमीतील हेदर

स्कॉटलंडच्या उजाड टेकड्यांवर हेदर नावाचे एक झुडूप वाढते. त्याची उंची जेमतेम गुडघ्याएवढी, आणि पाने इतकी बारीक की फांदीवर खवले बसविल्यासारखी दिसतात. परंतु ऑगस्ट महिना उजाडला, की या साध्या झुडपावर जांभळट फुले लगडतात व टेकड्याच्या टेकड्या रंगून जातात. मधमाश्यांना मध मिळतो आणि ग्राउज नावाच्या रानपक्ष्यांना कोवळे कोंब मिळतात. पूर्वी खेड्यांतील लोक त्याच्या काटक्यांचे झाडूही करीत.

स्कॉटलंडातून पुष्कळ लोक दूरच्या न्यूझीलंड देशी जाऊन स्थायिक झाले. तेथील उत्तर बेटावर टोंगारिरो, न्गाउरुहोए व रुआपेहू हे तीन ज्वालामुखी पर्वत आहेत. माओरी लोकांना ते अत्यंत पूज्य. परक्यांनी त्यांचे तुकडे पाडून विकत घेऊ नयेत, म्हणून ते हेउहेउ तुकिनो या माओरी प्रमुखाने १८८७ साली ती शिखरे देशाला अर्पण केली. पुढे तेथे राष्ट्रीय उद्यान झाले.

या पवित्र भूमीवर, १९१२ च्या सुमारास, जॉन कलन नावाच्या एका पोलीस अधिकाऱ्याने हेदर लावावयास प्रारंभ केला. का, तर तेथे ग्राउज पक्षी आणावेत आणि मायदेशाप्रमाणे शिकार करावी! वनस्पतिशास्त्रज्ञांनी हरकत घेतली, परंतु तोवर झुडपे रुजली होती. पक्षी मात्र त्या प्रदेशात टिकले नाहीत. पाहुण्यासाठी मांडलेले पान तेवढे मागे राहिले.

हेदरचे बी धुळीसारखे सूक्ष्म असते आणि मातीत कित्येक दशके जिवंत राहते. आपल्याकडील घाणेरीप्रमाणे हेदरनेही हजारो एकर भूमी व्यापली. त्याच्या दाटीत तेथील झुपकेदार, तांबूस टसॉक गवत गुदमरू लागले. फेब्रुवारीत जांभळे झालेले ते पठार पाहून प्रवासी हरखतात. पण त्या रंगाखाली काय नाहीसे होत आहे, हे सहज ध्यानात येत नाही.

अखेर शास्त्रज्ञांनी हेदरचा जुना शत्रू शोधून काढला. ब्रिटनमधील एक चिमुकला भुंगेरा व त्याच्या अळ्या हेदरचीच पाने खाऊन जगतात. तो न्यूझीलंडच्या वनस्पतींना अपाय करणार नाही ना, याची कसून परीक्षा झाली आणि १९९६ साली त्यास उद्यानात सोडण्यात आले. आरंभी थंडीने त्याचा निभाव लागेना. कित्येक वर्षे काहीच घडले नाही असे वाटले. मग त्याची संख्या वाढली, आणि आता ठिकठिकाणी हेदर करपून तपकिरी पडलेले दिसते. त्या वाळलेल्या काटक्यांमधून टसॉकची पाती पुन्हा वर येत आहेत. हेदरचे बी मात्र मातीत अजून आहेच.