शेंदेलोण खाल्लं तर रक्तदाब उतरतो का?

प्रश्न : सासूबाईंना रक्तदाब आहे. साध्या मिठाऐवजी शेंदेलोण वापरू का?

उत्तर : उपवासाला खुशाल वापरा, रक्तदाबाला त्याचा उपयोग नाही. पाकिस्तानातल्या खेवडा खाणीतलं गुलाबी मीठ असो की पुडीतलं पांढरं, दोन्ही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. गुलाबी रंग लोहाच्या अंशाचा. पण ते लोह इतकं नगण्य, की नाचणीच्या एका भाकरीपुढे त्याची काय मातब्बरी! शिवाय शेंदेलोणात आयोडीन बहुधा घातलेलं नसतं, म्हणून रोजच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच ठेवा. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर ते घातक ठरू शकतं, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारा. जागतिक आरोग्य संघटनेची मिठाची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम चहाचा चमचा. पापड-लोणचं त्यातच धरायचं.