आजारी मनाला दोष नको



'फादर, माझी श्रद्धाच आटली,' असे कुणी म्हटले, की आम्ही आधी विचारतो: झोप लागते का? जेवण जाते का? जगणे नकोसे वाटते का? असे थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मन मोकळे होते.

मेंदूच्या पेशी सेरोटोनिनसारख्या रसायनांद्वारे एकमेकींना निरोप देतात. १९७६ साली स्वीडनमधील डॉक्टर मारी ऑसबर्ग यांना जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या काही नैराश्यग्रस्तांच्या मणक्यातील द्रवात सेरोटोनिनपासून बनणारा एक घटक कमी आढळला. पण दोष एकट्या रसायनाचा नसतो. कर्ज, दारू, मारहाण, एकटेपणा हेही मिसळतात.

एलियाने झुडपाखाली मरण मागितले, तेव्हा देव रागावला नाही. आधी झोप, भाकर आणि पाणी दिले. गंभीर मानसिक त्रासाने माणसाची जबाबदारी कमी होते, हे आपली ख्रिस्तसभाही शिकवते. १९८३च्या धर्मसंहितेत आत्महत्या केलेल्यांना अंत्यविधी नाकारणारा जुना नियम उरला नाही.

म्हणून भगताकडे दिवस घालवू नका. शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय गाठा. टेलि-मानसचा १४४१६ हा फोन मोफत, रात्रंदिवस चालतो. औषधाचा गुण यायला काही आठवडे लागतात. मध्येच सोडू नका. फवारणीचे औषध कुलपात ठेवा, चावी दुसऱ्याकडे द्या. त्या माणसाला एकटे सोडू नका.

प्रार्थना करूच, पण दवाखान्यात सोबतही जाऊ.