संगणक-मंडळ कसे चालवावे?

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत वाचनालय, व्याख्याने, विद्यार्थी-साहाय्य या विषयांवर लेख यावेत हे स्वाभाविक आहे. संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मंडळींच्या स्थानिक मेळाव्यावर लेख यावा, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु आपल्या पुष्कळ घरांतील मुलेमुली आज याच विद्येवर चरितार्थ चालवितात किंवा चालवू पाहतात. ही विद्या त्यांना पुस्तकांतून आणि पडद्यावरून मिळते. मिळत नाही ती सोबत. प्रोग्रॅममधील एक चूक रात्रभर शोधूनही सापडू नये, ती दाखवू शकणारा माणूस चार गल्ल्या सोडून राहत असावा, आणि दोघांची ओळखही नसावी, ही आजच्या विद्यार्थ्याची खरी अडचण आहे. अशा वेळी गाव सोडल्यावाचून पुढे जाता येत नाही, अशी त्याची समजूत होते.

ही अडचण दूर करण्यास फार पैसा लागत नाही. मात्र रीत लागते. ती समजून घेण्यासाठी या क्षेत्रातील एका प्रसिद्ध मंडळाची हकीकत पाहू.

गॅरेजमधील आरंभ

१९७५ च्या जानेवारीत अमेरिकेतील 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० नावाच्या संगणकाचे चित्र झळकले. सुटे भाग मागवून तो घरी जोडावयाचा होता. किंमत सुमारे ४०० डॉलर. त्याला ना पडदा, ना टंकफलक. पुढील बाजूची बटणे वरखाली करून त्याला आज्ञा द्याव्या लागत. यंत्र घेणाऱ्या हौशी माणसापुढे प्रश्न उभा राही : आता याचे करावयाचे काय, आणि विचारावयाचे कोणाला?

कॅलिफोर्नियातील फ्रेड मूर आणि गॉर्डन फ्रेंच या दोघांनी अशा लोकांना एकत्र बोलाविले. ५ मार्च १९७५ रोजी मेन्लो पार्क या गावी फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये पहिली सभा भरली. सुमारे तीस माणसे आली. एकाने अल्टेअर यंत्र पाहावयास आणले होते. प्रत्येकाने आपण काय करतो ते सांगितले आणि जवळ होती ती माहिती दुसऱ्यास दिली. यातूनच 'होमब्र्यू कॉम्प्युटर क्लब' जन्मास आला. पुढे गॅरेज अपुरे पडू लागले आणि सभा स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कण-त्वरक केंद्रातील सभागृहात भरू लागल्या. तेथे शेकडो माणसे येत.

सभेची रीत

या सभा साधारणतः पंधरा दिवसांनी भरत. ली फेल्झनस्टाइन यांनी संचालनाचे काम हाती घेतल्यावर सभेचे दोन मुख्य भाग रूढ झाले. पहिल्या भागात ज्याला बोलावयाचे असेल त्याने उभे राहून थोडक्यात सांगावे : मजपाशी अमुक आहे, मला तमुक हवे आहे, मी अमुक ठिकाणी अडलो आहे. याला ते नकाशा काढणे म्हणत. कारण कोणाजवळ काय आहे, याचा नकाशा त्यामुळे सर्वांच्या डोळ्यांपुढे उभा राही. दुसऱ्या भागात खुर्च्या सोडून ज्याने त्याने आपल्या कामाच्या माणसाकडे थेट जावे. संगणकाच्या स्मृतीतील हवे ते घर क्रमाने न जाता एकदम गाठता येते, तसे हवा तो मनुष्य गाठावा, म्हणून या भागास त्या यंत्राच्याच परिभाषेतील 'रँडम अ‍ॅक्सेस' हे नाव पडले.

आपल्याकडे सभा म्हटली की व्याख्यान आठवते. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तिचे समाजावरील ऋण मोठे आहे. परंतु व्याख्यानात एक बोलतो आणि शेकडो ऐकतात. अभ्यासकांच्या मंडळात लाजाळू विद्यार्थ्यालाही तोंड उघडण्याची संधी मिळाली पाहिजे. 'मी येथे अडलो आहे' असे चारचौघांत सांगण्याची लाज गेली, की निम्मे शिक्षण झालेच.

कष्ट करणारे हात

सभा आपोआप चालत नाही. आरंभी फ्रेड मूर हेच चिटणीस, खजिनदार आणि मंडळाच्या पत्रकाचे संपादक होते. पहिल्या सभेनंतर दहा दिवसांत, १५ मार्च १९७५ रोजी, पत्रकाचा पहिला अंक निघाला. जो सभेस येऊ शकला नाही, त्यालाही काय झाले ते त्यावरून कळे. मूर लवकरच या कामातून बाहेर पडले; तरी मंडळ बुडाले नाही, कारण संचालन आणि पत्रक ही कामे दुसऱ्यांनी उचलली. एका उत्साही माणसाच्या खांद्यावर उभी राहिलेली मंडळे त्या माणसाची बदली झाली किंवा त्याच्या घरी लग्नकार्य निघाले की बंद पडतात, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही.

फितीचा तंटा

अल्टेअरसाठी बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन यांनी 'बेसिक' ही भाषा तयार केली होती. ती छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवर मिळे आणि विकत घ्यावी लागे. तिची एक फीत मंडळातील कोणाच्या हाती लागली. तिच्या नकला झाल्या आणि सभेत वाटल्या गेल्या. गेट्स यांनी ३ फेब्रुवारी १९७६ च्या खुल्या पत्रात या प्रकारास स्पष्ट शब्दांत चोरी म्हटले. कष्टाचा मोबदलाच मिळणार नसेल तर चांगले प्रोग्रॅम लिहील कोण, असा त्यांचा सवाल होता.

दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे होते. हौशी लोकांना ज्ञान मोकळे हवे होते. लिहिणाऱ्याला श्रमाचे मोल हवे होते. यातून निघालेला सन्माननीय मार्ग असा, की ज्याला मोकळे वाटावयाचे आहे त्याने स्वतःचे लिहावे. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातील काही मंडळींनी 'टायनी बेसिक' या छोट्या भाषेची कल्पना मांडली. १९७६ मध्ये ली-चेन वांग यांनी तिची स्वतःची आवृत्ती लिहून कोणासही नकलून घेण्यास खुली ठेवली. आज जगभर चालणाऱ्या मुक्त प्रोग्रॅमांची परंपरा याच वृत्तीची आहे. स्वतःचे खुशाल वाटावे. दुसऱ्याचे त्याच्या परवानगीने वाटावे.

फळ आणि शेवट

पहिल्याच सभेस स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक नावाचा एक तरुण इंजिनिअर आला होता. तेथे मिळालेल्या माहितीवरून त्याने स्वतःचा संगणक रचला आणि त्याचे आराखडे सभासदांना विनामूल्य दिले. तोच पुढे अ‍ॅपल-१ म्हणून विकला गेला. १९७६ मध्ये वॉझ्निअ‍ॅक आणि स्टीव्ह जॉब्स यांनी अ‍ॅपल कंपनी काढली. इतरही सभासदांनी उद्योग उभारले. परंतु व्यापार वाढला तशी गुपितेही वाढली. ज्यांनी पूर्वी सर्व काही मोकळेपणाने सांगितले, त्यांना आता हात राखून बोलावे लागले. डिसेंबर १९८६ मध्ये मंडळाची अखेरची सभा झाली. तोवर त्याचे कार्य झालेले होते.

या मंडळात एक मोठी उणीवही होती. तेथे स्त्रिया अगदी थोड्या दिसत. आपण ती उणीव आरंभापासूनच टाळली पाहिजे.

आपल्यासाठी धडे

१. वार आणि वेळ ठरलेली असावी. उदाहरणार्थ, महिन्याचा पहिला रविवार, सकाळी दहा ते बारा. पाचच माणसे आली तरी सभा रद्द करू नये. दिवसाची वेळ ठेवल्यास मुली आणि गृहिणी यांनाही येणे सोपे जाते.

२. एखाद्याने वीस मिनिटांत केलेले काम दाखवावे, पुढील अर्धा तास 'आहे-हवे' सांगण्यास ठेवावा आणि उरलेला वेळ मोकळ्या गाठीभेटींसाठी असावा. चहा याच वेळी द्यावा; चहाच्या कपापाशी संकोच लवकर मोडतो.

३. संचालक किमान दोन असावेत आणि वर्षाने बदलावेत. लांबलचक बोलणाऱ्यास नम्रपणे थांबविणे व नवख्याला बोलते करणे हे त्यांचे मुख्य काम.

४. प्रत्येक सभेचे टिपण ठेवावे : कोण कशात अडला, कोणी सोडविले. वर्षअखेरीस हेच मंडळाचे खरे भांडवल ठरते.

५. नोकरीची जाहिरात किंवा क्लासची विक्री करणाऱ्यास दोन मिनिटे द्यावीत, सभा देऊ नये.

६. नवख्याच्या प्रश्नास हसू नये. हसलेला एक क्षण एका सभासदाला कायमचा घालवितो.

यासाठी लागणार काय? एक खोली, विजेचे पुरेसे प्लग, इंटरनेटची जोडणी, एक प्रोजेक्टर आणि चहाचे पाणी. आपले सभागृह लग्नसराई सोडल्यास रविवारी सकाळी बहुधा रिकामेच असते. ज्या पिढीने विटा रचून ते उभे केले, तिने मुलांना शिष्यवृत्त्या व पुस्तके दिली. आज मुलांपाशी पुस्तके आहेत आणि यंत्रेही आहेत. त्यांना हवी आहे ती समानधर्मी माणसांची संगत. विश्वस्तांनी महिन्यातून दोन तास सभागृहाची किल्ली या तरुणांच्या हाती द्यावी, आणि ज्या सभासदांनी या क्षेत्रात नोकरीची वर्षे घालविली आहेत त्यांनी पहिल्या सभेस येऊन बसावे, एवढीच या निमित्ताने विनंती आहे.