श्रीक्षेत्र भीमाशंकरचे अरण्य

बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक असलेले श्रीक्षेत्र भीमाशंकर पुणे जिल्ह्यात सह्याद्रीच्या माथ्यावर वसले आहे. गिरगाव, दादर, परळ, लालबाग येथील पदयात्री भाविकांना कर्जतमार्गे खांडस गावातून गणेशघाटाने अथवा अवघड शिडीघाटाने चढून जाता येते.

मंदिर परिसरातील घनदाट रान पूर्वापार देवराई म्हणून राखले गेले. देवाच्या रानावर कुऱ्हाड चालवू नये, या श्रद्धेमुळे येथील जुने वृक्ष टिकले. १९८५ साली सुमारे १३० चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू येथे आढळतो. हा प्राणी जमिनीवर क्वचितच उतरतो. फांद्यांचे सलग छत तुटले की त्याची वाट खुंटते.

याच डोंगरात भीमा उगम पावते आणि पंढरपुरी चंद्रभागा म्हणून पूजिली जाते. येथील मुसळधार पाऊस पालापाचोळ्यात मुरतो व झऱ्यांतून हळूहळू वाहतो. रान विरळ झाले, तर माती वाहून जाईल आणि झरे आटतील.

म्हणून भाविकांनी पायवाट सोडू नये, फांदी तोडू नये, प्लॅस्टिक रानात टाकू नये. अरण्याचे रक्षण हीसुद्धा शिवसेवाच होय.