पासवर्डची तिजोरी आणि ब्राउझर यांची गाठ का सुटते?

नरपड, डहाणू, बोर्डी, घोलवड या पट्ट्यातील चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ताज्या चिकूवर जीएसटी नाही. परंतु चिप्स किंवा पावडर करून विकणाऱ्याला जीएसटी, प्राप्तिकर, बँक अशा अनेक ठिकाणचे पासवर्ड सांभाळावे लागतात. जीएसटीचे ३-बी विवरण दरमहा भरणाऱ्याची २० तारीख हुकली आणि कर देणे असेल, तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क लागते. नेमक्या त्याच दिवशी संगणकाने पासवर्ड भरायला नकार दिला तर काय करावे, हे आज आपण पाहू.

जुन्या संगणकावर लिनक्स चालविणारे अनेक व्यापारी किपासएक्ससी ही तिजोरी वापरतात. दोन्ही मोफत आहेत. तिजोरी आपल्याच संगणकावर एका कुलूपबंद फाइलमध्ये राहते. ब्राउझरमधील एक्स्टेन्शन तिच्याकडे पासवर्ड मागते आणि या दोघांमध्ये एक छोटा मध्यस्थ प्रोग्राम निरोप पोहोचवितो. म्हणजे ही तीन कड्यांची साखळी झाली. बिघाड झाल्यास सर्व काही पुसून नव्याने बसविण्याची घाई करू नये. एकेक कडी क्रमाने तपासावी.

१) तिजोरी उघडी आहे का? किपासएक्ससी सुरू असून मुख्य पासवर्ड दिलेला असला पाहिजे. अनेक तक्रारी इथेच मिटतात.

२) सेटिंग्जमध्ये ब्राउझर इंटिग्रेशन चालू आहे का, आणि आपल्या ब्राउझरच्या नावापुढे खूण आहे का, ते पाहावे. हा विभागच दिसत नसेल, तर आपल्याकडे छाटलेली आवृत्ती आली आहे असे समजावे. डेबियनने २०२४ पासून साध्या पॅकेजमधून ही सोय काढली. तेथे ‘फुल’ नावाचे पॅकेज घ्यावे लागते.

३) ओळख झाली आहे का? एक्स्टेन्शनमधील ‘कनेक्ट’ दाबून या जोडणीला एक नाव द्यावे. ही ओळख तिजोरीच्या फाइलमध्येच साठते. म्हणून नवी फाइल केली की ओळखही नव्याने करावी लागते.

४) ब्राउझर कोठून बसविला आहे? उबुंटूने २०२२ च्या २२.०४ आवृत्तीपासून फायरफॉक्स फक्त ‘स्नॅप’ स्वरूपात दिला. स्नॅप व फ्लॅटपॅक हे प्रोग्रामला कुंपणात ठेवतात. सुरक्षेसाठी ते चांगलेच; पण त्या कुंपणामुळे मध्यस्थाचा निरोप अडू शकतो. फायरफॉक्सने परवानगी विचारली तर ती द्यावी. तरीही जमले नाही, तर मोझिलाने २०२४ पासून स्वतः पुरविलेले डेब पॅकेज बसवावे आणि किपासएक्ससीही साध्या पॅकेजमधूनच घ्यावे.

५) तरीही गाठ बसत नसेल तर ब्राउझरच्या नावापुढील खूण काढून पुन्हा करावी व ब्राउझर बंद करून उघडावा. त्यामुळे मध्यस्थाचा पत्ता सांगणारी छोटी फाइल नव्याने लिहिली जाते.

सर्व कड्या ठीक असून एकाच ठिकाणी पासवर्ड येत नसेल, तर मात्र थांबावे. एक्स्टेन्शन पानाचा पत्ता नोंदीतील पत्त्याशी ताडून पाहते. बँकेसारखे दिसणारे खोटे पान आपल्या डोळ्याला फसवील, पण पत्ता वेगळा असल्याने तिजोरी पासवर्ड देणार नाही. अशा वेळी घाईत पासवर्ड कॉपी करून टाकणे म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणे होय. आधी पत्ता अक्षर अक्षर वाचावा. पान खरे आहे अशी खात्री पटल्यावरच नोंदीतील पत्ता दुरुस्त करावा.

शेवटी एक सूचना. तिजोरीच्या फाइलची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन ती दुकानाबाहेर ठेवावी आणि मुख्य पासवर्ड विसरू नये. तो विसरल्यास ही फाइल उघडून देणारा कोणी नाही. ही सर्व तपासणी २० तारखेला नव्हे, १० तारखेलाच करावी.