मलावीचे मासे आणि बोअरचं पाणी

प्रश्न : चार फुटी टाकीत आफ्रिकन सिक्लिड ठेवायचे आहेत. आमच्याकडे बोअरचं जड पाणी येतं. चालेल का? टाकी भरल्यावर मासे कधी सोडायचे? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : जड पाणी ही तुमची अडचण नाही, सोय आहे. दुकानांत दिसणारे बहुतेक रंगीत आफ्रिकन सिक्लिड मलावी सरोवरातले. तिथलं पाणी अल्कधर्मी, पीएच साधारण ७.८ ते ८.६. बोअरच्या पाण्याचा पीएच आणि नायट्रेट मात्र आधी तपासून घ्या. तापमान २५-२६ अंश पुरे.

घाई नडते ती मासे सोडताना. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वसायला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनियाचे थेंब टाकून त्यांना पोसा. टाकलेला अमोनिया दिवसभरात संपू लागला आणि नायट्राइटही शून्य आलं, की बरंचसं पाणी बदला आणि मगच मासे आणा. दुकानदार ‘उद्याच सोडा’ म्हणेल. त्याला मासे विकायचे आहेत!

दगड थेट तळाशी, पातळ थर्माकोलवर रचा, वाळू नंतर. हे मासे वाळू उकरतात, वर ठेवलेला दगड घसरून काच फुटते.

पहिल्यांदा इलेक्ट्रिक यलो घ्या, त्यातल्या त्यात शांत. एंबुना (मलावीतले खडकांत राहणारे सिक्लिड) गटातले बरेच मासे शेवाळ खरवडून खातात. त्यांना स्पिरुलिनाचं खाद्य द्या. बीफहार्ट टाळा, पोट फुगून मरतात.